चांदण्याआधीचा अंधार

संकष्टी चतुर्थीला दिनदर्शिकेच्या चौकटीत चंद्रोदयाची वेळ छापलेली असते आणि उपास सोडायला घरातली माणसं त्या वेळेची वाट पाहत असतात. पौर्णिमा होऊन तीन-चार दिवस झालेले असतात. सूर्य मावळलेला असतो, चंद्र उगवायला दोन-तीन तास अवकाश असतो आणि मधल्या वेळात आकाश खरोखर काळं असतं. पौर्णिमेपर्यंत असा काळोख पडत नाही, कारण शुद्ध पक्षात सूर्य मावळतो तेव्हा चंद्र आधीच वर आलेला असतो. वद्य पक्ष लागला की दिवेलागणीनंतरचा काळोख सुरू होतो आणि रोज सरासरी पन्नास मिनिटांनी वाढत जातो.

समुद्रातल्या प्रवाळांना हा काळोख कळतो. तैवानजवळच्या समुद्रातल्या डिप्सॅस्ट्रिया स्पेसिओसा या प्रवाळाचा अभ्यास २०२१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हे प्रवाळ एकाच वेळी अंडी आणि शुक्राणू पाण्यात सोडतात. त्याची रात्र सूर्यास्त आणि चंद्रोदय यांच्यामध्ये पडणाऱ्या अंधारावरून ठरते, असं त्या संशोधकांना दिसलं. काही प्रवाळांवर आच्छादन घालून त्यांच्यापर्यंत चांदणं पोचू दिलं नाही, तेव्हा त्यांची रात्रही बदलली.

घरात खाऱ्या पाण्याची छोटी टाकी ठेवून तिच्यावर स्वतःच्या हाताने चांदण्याचा दिवा बसवू पाहणाऱ्या प्रत्येकाने इथूनच सुरुवात करावी. बहुतेक जण सुरुवात करतात ती निळ्या एलईडीच्या पट्टीपासून. ती पट्टी रात्रभर, महिनाभर, एकाच जोराने जळत राहते. टाकी सुंदर दिसते, पण आतल्या जिवांना रात्र मिळत नाही. टाकीत चांदणं आणायचं तर आधी अंधार आणावा लागतो, आणि नांदेड-लातूरच्या घरांत दिव्यापेक्षा अंधार मिळवणं अवघड आहे.

पोवळ्याची ओळख

लातूरपासून कोकणचा किनारा सरळ रेषेतही साडेतीनशे किलोमीटरहून लांब आहे. नांदेडपासून पूर्वेला जा की पश्चिमेला, चारशे किलोमीटरच्या आत समुद्र लागत नाही. पायाखाली काळा बेसाल्ट आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. मराठवाड्यातल्या पिढ्यांना पोवळं ठाऊक आहे ते सोनाराच्या पेढीवरचं, अंगठीतलं किंवा माळेतलं. तो लाल खडा म्हणजे मुख्यतः भूमध्य समुद्रातल्या कोरॅलियम रूब्रम या प्रवाळाचा सांगाडा.

जिवंत प्रवाळ हा प्राणी आहे. एकेक पॉलिप म्हणजे तोंडाभोवती शुंडकांचं कडं असलेला इवलासा जीव, आणि असे शेकडो-हजारो पॉलिप जोडून एक वसाहत होते. उथळ पाण्यातल्या बहुतेक प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. दिवसा ते उजेडात अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. रात्री अन्न तयार होणं थांबतं. अनेक प्रवाळ तेव्हा शुंडकं पसरून पाण्यातले बारीक जीव धरतात. म्हणजे प्रवाळाच्या दिवसाचे दोन अर्ध आहेत आणि दुसरा अर्ध अंधारात घडतो. आपण बारा तास झगझगीत दिव्याखाली पाहतो तो त्याचा पहिलाच अर्ध असतो.

महाराष्ट्राच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. १९८७ साली जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास ते आहेत. विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर पश्चिमेला समुद्राखाली आंग्रिया बँक हे मोठं पठार आहे आणि त्याच्यावरही प्रवाळांची वस्ती आहे. त्या पठाराला कान्होजी आंग्र्यांच्या घराण्याचं नाव आहे. लातूरच्या गंजगोलाईतल्या माणसाला हे सगळं दूरचं वाटेल, पण प्रवाळ ज्या चंद्राकडे पाहून आपला महिना मोजतात तो चंद्र गंजगोलाईवरही तितकाच दिसतो.

प्रवाळांची तिथी

१९८१ हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखं आहे. नांदेडला श्री गुरुगोविंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं ते याच वर्षी. ऑस्ट्रेलियातल्या जेम्स कुक विद्यापीठाच्या तरुण संशोधकांनी मॅग्नेटिक बेटाजवळ वेगवेगळ्या जातींचे प्रवाळ एकाच सुमाराला अंडी सोडताना पाहिले तेही याच वर्षी. पौर्णिमेनंतरच्या काही रात्री, सूर्यास्तानंतरचे काही तास, आणि गुलाबी-लाल गोळ्यांनी भरून गेलेलं पाणी. १९८४ साली 'सायन्स' या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. ग्रेट बॅरियर रीफवर दर वर्षी ऑस्ट्रेलियाच्या वसंतात ही घटना घडते आणि आता तिच्या रात्री आधीच वर्तवता येतात.

डोळे नसलेल्या प्राण्याला तिथी कळते कशी? २००२ साली गोर्बुनोव्ह आणि फाल्कोव्स्की यांनी दाखवलं की प्रवाळांमध्ये चंद्रप्रकाशाइतक्या मंद निळ्या उजेडाची जाणीव घेणारी यंत्रणा आहे. २००७ साली ॲक्रोपोरा मिलेपोरा या प्रवाळात क्रिप्टोक्रोम ही प्रकाशाला प्रतिसाद देणारी प्रथिनं सापडली. तशीच प्रथिनं कीटकांत आणि माणसातही असतात आणि शरीरातल्या घड्याळाशी त्यांचा संबंध असतो. पाण्याची ऋतूनुसार बदलणारी उष्णता महिना सुचवते, चंद्र तिथी सुचवतो आणि सूर्यास्त तास सुचवतो. तिन्ही जुळले की वसाहती एकाच वेळी बीज सोडतात. एका जागी खिळून राहिलेल्या प्राण्याला जोडीदाराकडे जाता येत नाही. वेळ चुकली तर बीज वाया जातं.

हे ज्ञान काचेच्या टाकीत उतरवण्याचं सर्वांत गाजलेलं काम लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात झालं. तिथे जेमी क्रॅग्ज आणि सहकाऱ्यांनी बंद टाक्यांमध्ये वर्षभराचं तापमान, दिवसाची लांबी, उन्हाचा जोर आणि चंद्राच्या कला संगणकाच्या नियंत्रणाखाली हुबेहूब उतरवल्या. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात ॲक्रोपोराच्या चार जातींनी ठरलेल्या काळात अंडी सोडल्याची नोंद आहे. पुढे २०१९ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडा ॲक्वेरियमने त्यांच्याच सहकार्याने अटलांटिकमधल्या धोक्यात आलेल्या खांबी प्रवाळाकडून टाकीत अंडी मिळवली. त्या कामात कृत्रिम चंद्र हा शोभेचा दिवा नव्हता. प्रवाळ नष्ट होऊ नयेत म्हणून वापरलेलं ते साधन होतं.

घरच्या दोन फुटी टाकीत असं काही होईल अशी आशा कुणी धरू नये. वर्षभराच्या तापमानाचं चक्र, प्रौढ वसाहती आणि रोजची मोजमापं घरी जमणारी नाहीत. मऊ प्रवाळ चांदण्यामुळे जास्त वाढतात असंही नाही. मग हा दिवा करायचा कशाला? आपण ठेवलेल्या जिवाला त्याची रात्र परत देण्यासाठी, आणि त्या रात्रीचा थोडासा भाग आपल्याला पाहता यावा म्हणून. एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

चांदणं किती असतं

भर दुपारचं ऊन सुमारे एक लाख लक्स असतं. निरभ्र रात्री डोक्यावर आलेल्या पूर्ण चंद्राचा प्रकाश पाव लक्सच्या आसपास असतो, म्हणजे उन्हाचा जवळपास चार लाखावा हिस्सा. आपल्या बैठकीतल्या ट्यूबलाइटचा उजेड शंभर-दीडशे लक्स असतो, चांदण्याच्या कित्येक शेपट. कोजागरीला गच्चीवर दूध आटवताना आपल्याला भांडी, माणसं, कठडा सगळं दिसतं, पण साडीचा रंग ओळखता येत नाही. टाकीवरचा चांदण्याचा दिवा बरोबर आहे की नाही याची कसोटीही हीच. अंधारात दहा-पंधरा मिनिटं बसल्यावर माशाचा आकार दिसावा, रंग दिसू नये. रंग दिसला तर उजेड जास्त आहे.

बाजारात सहज मिळणारी पाच मिलिमीटरची टोकदार झोताची एलईडी घेतली तर तिची तीव्रता पाच कँडेला असू शकते. पाण्यापासून चाळीस सेंटिमीटर वर ती लावली तर झोताच्या मध्यभागी पाच भागिले शून्य पूर्णांक सोळा, म्हणजे तीस लक्सहून जास्त उजेड पडतो. एकाच दिव्याने शंभरहून अधिक पौर्णिमा एका जागी आणल्या. मग पट्टीभर दिवे लावले तर काय होत असेल?

दुसरी गोष्ट रंगाची. चंद्राचा पृष्ठभाग खरं तर काळपट आहे. त्याच्यावर पडलेल्या प्रकाशाचा जेमतेम आठवा हिस्सा तो परत पाठवतो, आणि त्यात तांबड्याचा वाटा किंचित जास्त असतो. म्हणून चांदणं उन्हापेक्षा जरासं उबदार रंगाचं असतं. ते निळसर वाटतं याचं कारण आपल्या डोळ्यांत आहे. मंद उजेडात डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्या निळ्या-हिरव्याकडे झुकलेल्या असतात. तरीही टाकीत थोडा निळा रंग योग्य आहे, कारण समुद्राचं पाणी तांबडा प्रकाश वरच्या वर शोषून घेतं आणि प्रवाळापर्यंत मुख्यतः निळा पोचतो. म्हणून एक साधी पांढरी आणि एक निळी अशी जोडी उत्तम. गडद जांभळट-निळ्या एलईडीखाली प्रवाळ चमकतात ती त्यांची प्रतिदीप्ती. ती पाहायला सुरेख असते, पण तिचा चांदण्याशी संबंध नाही. ती पाहायचीच असेल तर संध्याकाळी अर्धा तास पाहावी आणि दिवा बंद करावा.

तिसरी गोष्ट कलांची. अष्टमीचा चंद्र अर्धा दिसतो, म्हणून त्याचा प्रकाश पौर्णिमेच्या निम्मा असेल असं कुणालाही वाटतं. प्रत्यक्षात तो जेमतेम दहावा हिस्सा असतो. अष्टमीला चंद्रावर ऊन तिरपं पडतं, तिथल्या डोंगर-खड्ड्यांच्या सावल्या आपल्याला दिसतात आणि उजेड झपाट्याने घटतो. पौर्णिमेला त्या सावल्या खड्ड्यांच्या आड लपतात. म्हणून दिव्याचा जोर रोज सारखा वाढवत गेलो तर शुद्ध पक्षाचे पहिले आठ दिवस टाकीत फाजील उजेड पडेल.

दोन एलईडी आणि एक घड्याळ

साहित्य थोडं आहे. मोबाईलचा जुना पाच व्होल्टचा चार्जर, पसरट उजेडाच्या दोन एलईडी, त्यांच्यासाठी दोन रेझिस्टर, आर्डुइनो नॅनो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड आणि डीएस३२३१ हे घड्याळाचं मॉड्यूल. पसरट म्हणजे सुमारे १२० अंशांत उजेड पसरवणारी, पूर्ण प्रवाहावर अर्ध्या कँडेलाच्या आसपास तीव्रता असलेली एलईडी.

प्रत्येक एलईडीला वेगळा २.२ किलोओहमचा रेझिस्टर लावायचा. मंद प्रवाहावर पांढऱ्या आणि निळ्या एलईडीवर पावणेतीन-तीन व्होल्ट पडतात. उरलेल्या दोन-सव्वादोन व्होल्टांना २.२ किलोओहमने भागलं की प्रवाह एक मिलिअँपिअरच्या आसपास येतो. अशा एलईडीचा नेहमीचा प्रवाह वीस मिलिअँपिअर असतो, म्हणजे आपण तिला विसाव्या हिश्शावर चालवतो. चाळीस सेंटिमीटरवरून अशा दोन एलईडी मिळून पाव-तीस शतांश लक्स देतात. तीच आपली पौर्णिमा. एलईडी वेगळ्या असल्या तर आकडे बदलतील. अशा वेळी रेझिस्टर मोठा घ्यावा आणि डोळ्यांनी वरची कसोटी लावावी.

आता कला. ६ जानेवारी २००० ला आपल्या वेळेनुसार रात्री ११ वाजून ४४ मिनिटांनी अमावास्या होती. आजच्या क्षणापर्यंत त्या क्षणापासून गेलेले दिवस मोजायचे आणि २९.५३०५९ ने भागून बाकी काढायची. बाकी म्हणजे चंद्राचं वय. त्यावरून बिंबाचा किती भाग उजळलेला आहे ते साध्या कोसाइनने मिळतं. त्या भागाचा घन करायचा आणि आर्डुइनोच्या २५५ या कमाल आकड्याने गुणायचं. अर्ध्याचा घन एक अष्टमांश, म्हणजे अष्टमीला दिव्याचा आकडा ३२ च्या जवळ येतो. हे निसर्गातल्या प्रमाणाच्या पुरेसं जवळ आहे. शुद्ध तृतीया-चतुर्थीच्या कोरीला उत्तर जवळपास शून्य येतं. ते तसंच येऊ द्यावं.

वेळा अशा: शुद्ध पक्षात टाकीचा मुख्य दिवा मालवला की चांदणं लावायचं आणि चंद्रास्ताला बंद करायचं. अष्टमीला चंद्रास्त मध्यरात्रीच्या सुमारास होतो. पौर्णिमेला चांदणं रात्रभर राहील. वद्य पक्षात आधी अंधार, मग चंद्रोदयापासून पहाटेपर्यंत दिवा. रोज पन्नास मिनिटांचा फरक प्रोग्रॅममध्ये घातला की काम झालं. अमावास्येला काहीच लावायचं नाही. दिनदर्शिकेतली मुंबईची वेळ वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं की नांदेडला चंद्र मुंबईच्या सुमारे अठरा मिनिटं आधी आणि लातूरला सुमारे पंधरा मिनिटं आधी उगवतो. प्रवाळ एवढ्या मिनिटांचा हिशोब मागणार नाहीत, पण आपण जिथे राहतो तिथलं आकाश टाकीत आलेलं बरं.

डीएस३२३१ मध्ये नाण्याएवढी बॅटरी असते, त्यामुळे वीज गेली तरी घड्याळ चालू राहतं. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं आहे. साध्या प्लगच्या टायमरवर चंद्र सोपवला तर दोनदा वीज गेल्यावर टाकीतली तिथी बाहेरच्या तिथीपासून सुटते.

प्रोग्रॅम करायचा नसेल त्यालाही हा दिवा करता येतो. दोन एलईडी, चार्जर आणि एक बटण एवढंच घ्यावं. शुद्ध अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत मुख्य दिवा मालवल्यावर लावावा आणि झोपताना बंद करावा. बाकीचे दिवस अंधार ठेवावा. एवढ्याने पूर्ण चंद्र येत नाही, पण रात्र येते.

खारं पाणी आणि वीज यांची गाठ पडू देऊ नये. पाण्यातून उडणारे बारीक मिठाचे थेंब महिन्याभरात उघड्या जोडांना हिरवं करतात. जोड हीट श्रिंक नळीत घ्यावेत आणि एलईडी दोन्ही टोकं बंद केलेल्या पारदर्शक ॲक्रिलिकच्या नळीत बसवाव्यात. चार्जर टाकीच्या वर कधीच ठेवू नये. वायर खाली झोळ घेऊन मग वर प्लगकडे न्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळलेलं पाणी झोळातच थेंब होऊन पडेल. घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, असायलाच हवा. तांब्याची उघडी तार पाण्यात पडू देऊ नये. तांबं अगदी थोडं असलं तरी प्रवाळ, कोळंबी आणि शंख यांना विष ठरतं.

बैठकीतली रात्र

दिवा तयार झाला तरी खरं काम उरतं, कारण आपल्या घरांत टाकी ठेवतात बैठकीत. तिथे अकरापर्यंत टीव्ही असतो. मुलं अभ्यासाला बसली असतील तर बारा-एकपर्यंत ट्यूब जळते, आणि लातूर तर अभ्यासाचंच शहर. खिडकीतून रस्त्यावरच्या पांढऱ्या एलईडीचा उजेड येतो. टाकीवरचा दिवा सहाला मालवला तरी प्रवाळांसाठी संध्याकाळ पाच-सहा तास लांबते आणि रोज वेगवेगळ्या वेळी संपते.

याचे परिणाम समुद्रातच मोजले गेले आहेत. २०२३ साली 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार किनाऱ्यावरच्या कृत्रिम उजेडात आलेले प्रवाळ अंधारातल्या प्रवाळांपेक्षा एक ते तीन दिवस आधी, पौर्णिमेच्या जवळ, अंडी सोडतात. शेजारच्या अंधारातल्या वसाहती अजून थांबलेल्या असतात. माशांची गोष्ट अधिक बोलकी आहे. ज्याला आता लहान मुलंही निमो म्हणून ओळखतात त्या विदूषक माशाची अंडी आठवडाभराने रात्री, अंधार पडल्यावर फुटतात. २०१९ साली 'बायोलॉजी लेटर्स'मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ज्या अंड्यांवर रात्रभर कृत्रिम उजेड ठेवला त्यांतलं एकही फुटलं नाही. पिल्लं आत पूर्ण वाढलेली होती, पण त्यांना रात्रच झाली नाही.

म्हणून पहिला खर्च दिव्यावर नको, जाड काळ्या कापडावर करा. टाकीच्या मागच्या आणि रस्त्याकडच्या बाजूंना कायमचा काळा पुठ्ठा लावा. समोर पडदा असा लावा की ठरलेल्या वेळी तो पडला म्हणजे टाकीत रात्र झाली. नोकरदार माणसाला संध्याकाळी घरी आल्यावर टाकी पाहायची असते. त्याने दिवसच पुढे सरकवावा. मुख्य दिवा सकाळी अकराला लावून रात्री नऊला मालवावा, आणि टाकीतला सूर्यास्त जितका पुढे नेला तितकाच चंद्रोदयही पुढे न्यावा. बाहेरच्या घड्याळाशी टाकी जुळली नाही तरी चालेल. सूर्यास्त, अंधार आणि चंद्रोदय यांचं आपसातलं अंतर बिघडू नये.

असं केलं की टाकीत दुसरंच जग उघडतं. दिवसभर मिटलेल्या प्रवाळांची शुंडकं बाहेर येतात. खडकाच्या फटीतून काटेरी किडे निघतात आणि उरलेलं अन्न उचलतात. शंख काचेवर चढतात. कोळंबी निर्धास्त फिरते. घरातल्या मुलाला हे एकदा दाखवा. शाळेच्या पुस्तकात निशाचर हा शब्द वाचण्याआधी त्याने रात्र पाहिलेली असेल.

पाणी, ऊन आणि आपला हिशोब

लातूरमध्ये टाकीविषयी बोलायचं तर पाण्याविषयी बोलावंच लागतं. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला आली, पाच लाख लिटर पाणी घेऊन. ज्या शहराने हंडे घेऊन रांगेत रात्री काढल्या त्या शहरात शोभेची टाकी ठेवणाऱ्याने आपला हिशोब उघडपणे मांडायला हवा.

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत साठ लिटरच्या आत पाणी बसतं. आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं तर महिन्याला चोवीस लिटर. उन्हाळ्यात पंखा लावून रोज दीड लिटर वाफ झाली तर आणखी पंचेचाळीस. म्हणजे सत्तर लिटर शुद्ध पाणी लागतं. बोअरच्या पाण्यातले क्षार आणि नायट्रेट टाकीला चालत नाहीत, म्हणून ते आरओमधून घ्यावं लागतं, आणि घरगुती आरओ एका लिटरमागे दोन-तीन लिटर बाहेर टाकतो. एकूण अडीचशे लिटरच्या आसपास. शहरी पाणीपुरवठ्याचं राष्ट्रीय प्रमाण माणशी रोज १३५ लिटर आहे. म्हणजे टाकीचा महिना एका माणसाच्या दोन दिवसांपेक्षा थोडा कमी. यातलं बाहेर टाकलेलं सगळं पाणी फरशी पुसायला, संडासात, गाडी धुवायला वापरता येतं, आणि ते वापरणं हा या छंदाचा नियमच असायला हवा. एसीतून ठिबकणारं पाणी मात्र टाकीत घालू नये, कारण ते तांब्याच्या नळ्यांवरून आलेलं असतं. वाफ झालेल्या पाण्याची भर नेहमी बिनमिठाच्या पाण्याने करावी. पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहतं.

ऊन हे दुसरं संकट. प्रवाळांना पंचवीस-सव्वीस अंश सेल्सिअस मानवतं आणि नांदेडचा मे महिना बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो. आपली हवा कोरडी असते, म्हणून पाण्यावर वारा घालणारा छोटा पंखा दोन-तीन अंश सहज खाली आणतो. खोलीच अडतीसवर असेल तर चिलर किंवा एसीशिवाय गत्यंतर नाही. तो खर्च पेलणार नसेल तर प्रवाळ आणू नयेत. चांदण्याच्या दिव्याला जवळपास वीज लागत नाही, पण त्या दिव्याखालचा जीव उन्हाळा काढू शकला पाहिजे. रात्री वीज गेली तर संकट दिवसापेक्षा मोठं असतं. अंधारात शैवाल प्राणवायू तयार करत नाही आणि टाकीतले सगळेच जीव तो वापरत राहतात. म्हणून बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप घरात हवाच.

समुद्रातल्या प्रवाळांनाही याच उन्हाने गाठलं आहे. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखाद्या अंशाने काही आठवडे जास्त राहिलं तरी त्यांच्यातलं शैवाल निघून जातं आणि ते पांढरे पडतात. १५ एप्रिल २०२४ ला जगभरच्या प्रवाळांवर असं चौथं संकट आल्याचं जाहीर झालं. घरातली टाकी त्यावर उपाय नाही. पण तापमान एका अंशाने वाढल्याचा अर्थ काय, हे टाकी सांभाळणाऱ्या माणसाला कुणी वेगळं सांगावं लागत नाही.

कायदा

२००१ पासून खडक बांधणारे सगळे कठीण प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. भारतीय समुद्रातून ते काढणं, विकणं, बाळगणं गुन्हा आहे, आणि आज त्याची शिक्षा तीन ते सात वर्षांची कैद आहे. मृत प्रवाळाचा तुकडाही यात येतो. मराठवाड्यातून सहलीला मालवण-तारकर्लीला गेलेली माणसं आठवण म्हणून पांढरे तुकडे पिशवीत टाकतात. ते टाकू नयेत. परदेशातून येणाऱ्या कठीण प्रवाळांवरही साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराचं नियंत्रण आहे, आणि त्या करारातल्या जिवंत प्राण्यांची नोंदणी करणं २०२२ च्या दुरुस्तीने मालकावर बंधनकारक केलं आहे.

म्हणून मार्ग साधा आहे. खडक कृत्रिम, सिरॅमिकचा घ्यावा. खडक न बांधणारे मऊ प्रवाळ, झोअँथिड किंवा मश्रूम प्रवाळ यांपासून सुरुवात करावी आणि दुकानदाराकडून पावती व मूळ ठिकाणाचा कागद मागून घ्यावा. कागद मिळत नसेल तर घेऊ नये. मासा हवा असेल तर टाकीतच वाढवलेला विदूषक मासा घ्यावा. भारतीय संस्थांनी त्याचं प्रजनन साधलं आहे, आणि आपल्या राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठाननेही ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात हे काम केलं आहे.

नांदेडच्या विद्यापीठात आणि अभियांत्रिकी महाविद्यालयात, लातूरच्या विज्ञान महाविद्यालयांत दरवर्षी विद्यार्थी प्रकल्पाचा विषय शोधत असतात. हा विषय त्यांच्यासाठी आहे. एका टाकीला खरी रात्र द्या, दुसरीवर निळी पट्टी रात्रभर ठेवा, आणि दोन्हींतले प्रवाळ कधी उघडतात, कोळंबी कधी बाहेर येते, मासा कधी झोपतो याची वर्षभर नोंद ठेवा. समुद्रापासून चारशे किलोमीटरवर बसूनही हे काम नीट करता येतं. त्याला मोठी प्रयोगशाळा लागत नाही, वही आणि चिकाटी लागते.

आणि ज्यांच्या घरी आधीच टाकी आहे, त्यांना विनंती. सुरुवात आश्विनातल्या अमावास्येपासून करा. लक्ष्मीपूजनाच्या दिव्यांचा उजेड आत पोचणार नाही असा पडदा त्या संध्याकाळी टाकीवर घाला आणि निळी पट्टी काढून ठेवा. कार्तिकातल्या शुद्ध अष्टमीला चांदण्याचा दिवा पहिल्यांदा लावा, आणि तो इतका मंद असू द्या की पाहुण्याला लागलेला कळणारही नाही.